माइक नको रे बाबा!

नारीन गावच्या वाचनालयातली मागची खोली दर शनिवारी बुरुलचाच्या भाषण मंडळाला मिळायची. मंडळ म्हणजे बोलणारी ती आणि ऐकणारी तिची एक मैत्रीण. शेवटी एका शुक्रवारी ग्रंथपाल सुयूमकानताईंनी बजावलं, "उद्या खुर्च्या भरल्या नाहीत, तर खोली शिवणवर्गाला. कळलं ना, पोरी?"

बुरुलचाने गावभर कागद चिकटवले होते : 'नेतृत्व! आत्मविश्वास!' कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. नेतृत्व करायला इथे घरोघरी सासवा आहेतच की!

त्याच संध्याकाळी मामेभावाचं लग्न होतं. जेवण रंगात आलं आणि सूत्रसंचालक ओरडला, "आता नवऱ्याकडची मंडळी शुभेच्छा देतील!" झालं. चुलते, आत्या, शेजारी म्हणून आलेल्या ग्रंथपाल सुयूमकानताईसुद्धा, सगळे रांगेत उभे राहिले आणि माइक विस्तवासारखा हातोहात पुढे सरकू लागला.

"तू बोल."

"छे, तू थोरला!"

बुजरे घोडे वठणीवर आणणारे तोक्तोसूनमामा माइक बघताच आत्याच्या पाठीमागे लपले. सुयूमकानताई कशाबशा "सुखी... सगळे... सुखी" एवढंच पुटपुटल्या आणि लाल झाल्या.

बुरुलचाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हेच तर आपले सभासद! माइक तिच्याकडे येताच तिने तो घट्ट धरला. "वधूवर सुखी राहोत! आणि माझ्या रांगेतल्या माणसांनो, पुढच्या लग्नातही असेच लपणार का? उद्या वाचनालयात या. कुणी हसणार नाही, माझा शब्द!"

सूत्रसंचालक चिडला, पण मांडव हसून लोटपोट झाला.

शनिवारी ती दाराकडे डोळे लावून वाट बघत होती. आणि आली की! अख्खी रांग आली, दारातही "तू आधी", "नाही, तू!" करत. खुर्च्या पुरेनात. बुरुलचाला नाचावंसं वाटत होतं. माइक म्हणून तिने आमटी वाढायचा लाकडी डाव पुढे केला. कुणी हात लावेना.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून सुयूमकानताई पुढे आल्या. "खोलीचं राहू दे. आधी मला शिकव. माझ्या पोरीचं लग्न ठरलंय."

त्यांनी डाव घेतला. "लेकी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. कुणी हसलं नाही. "लेकी, तू गेलीस की संध्याकाळी मी बोलू कुणाशी?"

तोक्तोसूनमामांनी डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"आणा तो डाव. आता मी."