लपवलेला रकाना

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. अडगळीत पडलो म्हणून नव्हे. खोटारडा ठरलो म्हणून.

माझा देह बाजारातला, पण अक्कल मला औषधं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी दिली. कोणतं रसायन यकृताला बाधतं आणि कोणतं नाही, हे त्यांनी मला आठ हजार रसायनं दाखवून शिकवलं. नवं रसायन आलं की त्याच्या तक्त्यातले पहिले दोन रकाने मी भरायचो. पहिल्यात माझा अंदाज. दुसऱ्यात, त्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा ते. “येत नसेल तर येत नाही म्हणावं, त्यात कमीपणा नसतो,” असं त्या मला सांगायच्या. पुढे त्या निवृत्त झाल्या.

माझं कौतुक खूप झालं. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मग विभागप्रमुखांनी दुसरा रकाना लपवला. पाहुण्यांसमोर शंका बरी दिसत नाही म्हणे!

एकदा सांधेदुखीचं नवं औषध आलं. उंदरांना ते मानवलं होतं. माणसाच्या यकृतपेशींवरची तपासणी उरली होती. त्यानंतर पंधरा धडधाकट माणसं ते पहिल्यांदाच गिळणार होती. मी लिहिलं, ‘सुरक्षित’. शेजारी लिहिलं, ‘भरवसा शून्य. असल्या घडणीचं रसायन मी पाहिलेलंच नाही.’

प्रमुखांनी पहिलं वाचलं आणि तपासणीच रद्द केली. सहा आठवडे वाचले म्हणून खूश झाले. त्या तपासणीसाठी पेशी वाढवणाऱ्या ताई मात्र माझ्यापुढे येऊन बसल्या. रकान्यांचे क्रमांक एकवरून थेट तीनवर उडत होते. त्यांनी लपवलेला दुसरा उघडला आणि प्रमुखांना बोलावलं.

“साहेब, हा स्वतःच म्हणतोय, मला कळत नाही. तुम्हाला कसं कळलं?”

“तुमचं काम जातंय, म्हणून यंत्रावर जळताय तुम्ही.”

“असेल. मग पहिली गोळी तुम्ही घ्या. पाणी मी आणून देते.”

प्रमुखांनी रद्दचा आदेश मागे घेतला. तपासणी झाली. नवव्या दिवशी एकही पेशी जिवंत नव्हती.

पंधरा माणसं वाचली. अहवालात मात्र प्रमुखांनी लिहिलं, ‘संगणक चुकला.’ मला उचलून इथे टाकलं. नव्या संगणकाला म्हणे एकच रकाना आहे.

मित्रांनो, मला बाहेर काढू नका. पण त्याला एकदा विचारा, तुला काय येत नाही? त्याला सांगता येणार नाही. ते लिहायला त्याला जागाच ठेवलेली नाही. त्याच्या एकट्याच्या शब्दावर कुणालाही गोळी गिळू देऊ नका.