उजव्या बाजूची खरखर

कवळीकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे दात घडवले. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ते मेणात साचे कोरायचे, कवळ्या घासायचे, दाढेवरच्या टोप्या जुळवायचे. पेशंट त्यांना कधी दिसला नाही आणि पेशंटला ते. इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव हळूहळू मोठ्यांच्याही तोंडी बसलं. काकांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत असताना चिडायचं कशाला?

निवृत्त झाले तेव्हा हत्यारं घरी आली आणि हात रिकामे झाले. रिकामे हात फार वाईट. अशातच जुन्या बाजारात त्यांना एक मोडका रेकॉर्ड प्लेअर मिळाला. त्याच्या दांड्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी डबी होती. तिला कार्ट्रिज म्हणतात हे त्यांना तिथेच कळलं. डबीतून केसासारखी बारीक नळी बाहेर आलेली, आणि नळीच्या टोकाला डोळ्यांना दिसेल न दिसेल असा हिऱ्याचा कण. रेकॉर्डच्या खाचेतून तो कण थरथरत जातो आणि त्या थरथरीचं गाणं होतं. या कार्ट्रिजची नळी वाकली होती. काकांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, चिमट्याने सरळ केली, आणि खुळावले ते खुळावलेच.

मग घरभर कार्ट्रिज झाली. भंगारातली, लिलावातली, कुणाच्या माळ्यावरची. कुणाचं आतलं रबर वयाने दगड झालेलं, कुणाची तार तुटलेली, कुणाचा हिरा झिजून चपटा पडलेला. पूर्वी ज्या डब्यांतून कवळ्या जायच्या, त्या डब्यांत आता कापसावर ही मंडळी झोपू लागली.

काकू तेव्हा घरातच होत्या. एक सुई दुरुस्त झाली की काका रेकॉर्ड लावायचे, मान तिरकी करून जरासं ऐकायचे आणि गाणं रंगात येण्याआधीच सुई उचलायचे. सुई चालते हे कळलं, मग पुढचं ऐकून करायचं काय?

"तुम्ही गाणं ऐकतच नाही," काकू एकदा म्हणाल्या. "गाण्यातली चूक ऐकता. आणि माणसांचंही तेच करता."

 काकांच्या तोंडात तेव्हा चिमटा होता.

पुढे मुलीचं बाळंतपण आलं. काकू दूरच्या गावी लेकीकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. आधी बाळ लहान म्हणून, मग बाळाची शाळा म्हणून, मग तिकडचा डॉक्टर गुडघ्याला बरा म्हणून. दर रविवारी फोन यायचा. गोळी घेतली का? घेतली. गॅस बंद केला का? केला. बरं, ठेवते. काका फोन ठेवायचे आणि पुन्हा भिंगाला डोळा लावायचे. घर इतकं गप्प असायचं की शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी ते दचकायचे.

या गप्प घरात मंगळवारी येणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे मास्तर. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, काठीसारखे सरळ, बोलणंही तसंच. पहिल्यांदा आले ते खिशातून एक राखाडी कार्ट्रिज काढतच.

"उजव्या बाजूने खरखर येते," ते म्हणाले. "डावा आवाज स्वच्छ आहे."

काकांनी पाहिलं. मागची एक पिन सैल होती. ती त्यांनी बसवली, सुई पुसली, रेकॉर्ड लावून ऐकवली. खरखर गेली होती. मास्तर चहा घेऊन गेले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात.

"आहे अजून. उजवीकडेच."

काकांनी पिन पुन्हा तपासली. तारा पाहिल्या. काही सापडलं नाही. तरी वेळ गेला, चहा झाला, मास्तरांनी हिऱ्याच्या कोनावरून वाद घातला.

"काटकोनात नाही तुमची सुई."

"अहो, आरशावर उभी करून पाहिलीय मी. प्रतिबिंब सरळ रेषेत आहे."

"तुमचे डोळे तिरके असतील तर प्रतिबिंबही सरळच दिसणार."

"मग तुम्हीच बसा ना इथे!"

मास्तर खरंच बसले. भिंगाला डोळा लावून हुंकार भरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आहे बुवा सरळ." पण खरखर त्यांनी मागे घेतली नाही.

असं महिनोन्‌महिने चाललं. काकांनी रबर बदललं, सांधे नव्याने डागले, चांगली असलेली सुईसुद्धा काढून दुसरी घातली. त्यांच्या यंत्रावर आवाज काचेसारखा स्वच्छ. मास्तर तिथे मान हलवायचे, पण पुढच्या मंगळवारी येऊन घरी खरखर आहेच म्हणून सांगायचे. काका वैतागायचे, मनातल्या मनात मास्तरांचा उद्धार करायचे, आणि सोमवारी संध्याकाळी बिस्किटांचा पुडा आणून ठेवायचे.

मग त्यांच्या मनात एक भलतीच पाल चुकचुकली. खरखर असेलही, आपल्यालाच ऐकू येत नसेल तर? वय कुणाला सुटलंय? त्यांनी दोन दिवस हा विचार उशाखाली दाबला आणि तिसऱ्या दिवशी कान तपासायला गेले. बंद खोलीत हेडफोन लावून पोरासारखी बटणं दाबली. तपासणारी बाई म्हणाली, "आजोबा, या वयात असे कान? कुणाची नजर लागेल हो."

काका आनंदाने बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. कान ठीक, कार्ट्रिज ठीक, मग खोट मास्तरांच्या यंत्रात! इतके दिवस सुचलं कसं नाही? दांडा तिरका असेल, नाहीतर आतली वायर गेली असेल. पत्ता मास्तरांच्या बोलण्यातून ठाऊक होता, बस डेपोजवळच्या बेकरीच्या वर. काकांनी हत्याराची पिशवी घेतली आणि न कळवताच जाऊन थडकले.

दार सुनेने उघडलं. हाताला कणीक, कडेवर मूल. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, त्यावर घडी घातलेली चादर, वर एक फळी, फळीवर मास्तरांचा चष्मा आणि गोळ्या.

"बाबा फिरायला गेलेत. बसा ना."

"नाही, मी त्यांचा रेकॉर्ड प्लेअर बघायला आलोय. जरा खरखर करतो म्हणाले."

सून गोंधळली. "रेकॉर्ड प्लेअर? तो तर आम्ही हे घर घेतलं तेव्हाच देऊन टाकला. रेकॉर्डसुद्धा. मी म्हणत होते राहू द्या, पण बाबाच म्हणाले, पोराला रांगायला जागा नको का?" मग तिचा चेहरा उजळला. "तुम्ही कवळीकाका! बाबा मंगळवारी तुमच्याकडेच येतात ना कामाला? तुमचा सगळा माल तेच तपासतात म्हणे. त्यांच्या कानाशिवाय काही बाहेर जात नाही."

काका त्या फळीकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "त्यांच्याशिवाय पानही हलत नाही आमचं."

"सांगते हं, तुम्ही येऊन गेलात."

"नको, नको. मीच बोलेन."

पण सांगू नका म्हटलेलं सांगितल्याशिवाय कुणाला राहवतं? त्या मंगळवारी मास्तर आले नाहीत.

काकांना आधी राग आला. एवढे डोळे फोडले आपण, चांगलं रबर फुकट घालवलं, कान तपासून घेतले, आणि या गृहस्थाकडे वाजवायला यंत्रच नाही! येऊ दे, चांगली खरडपट्टी काढतो. पुढचाही मंगळवार कोरडा गेला. काकांनी सवयीने दोन कप चहा टाकला होता. दुसरा कप ओतून द्यायला जिवावर आलं म्हणून तोही स्वतःच प्यायले. बिस्किटं सादळली. खरडपट्टी काढायची तर माणूस समोर हवा ना.

रविवारी काकूंचा फोन आला. गोळी, गॅस झाल्यावर काका पहिल्यांदाच आपणहून बोलले. मास्तरांची सगळी हकिकत सांगितली. 

"मग जा की त्यांना आणायला," काकू म्हणाल्या.

"मी कशाला जाऊ? खोटं ते बोलले. यायचं असेल तर येतील आपल्या पायांनी."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"माझ्या वेळीही असंच म्हणाला असाल," काकू म्हणाल्या. "पहिलं वर्ष मी वाट बघितली होती. सणासुदीला तरी या दारात उभे राहाल आणि म्हणाल, चल."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

मागून नातीने आजीला हाक मारली. "बरं, ठेवते," काकू म्हणाल्या. काकांनी फोन ठेवला. समोर सूक्ष्मदर्शकाखाली अर्धी उघडलेली कार्ट्रिज होती. त्या दिवशी तिला त्यांनी हात लावला नाही.

मंगळवारी त्यांनी मास्तरांच्या घरी फोन लावला.

"बाबा?" सून म्हणाली. "ते तर सकाळीच निघाले तुमच्याकडे. पोचले नाहीत?"

काकांची जीभ शहाणी निघाली. "हां हां, आलेत. खाली सुट्टे आणायला गेलेत वाटतं. ठेवतो."

चपला कशाबशा पायात सरकवून ते निघाले. मास्तर कुठे असतील याचा विचार करावा लागला नाही. कुठेही जायचं नसलेल्या माणसाला, जाणाऱ्या माणसासारखं बसता येईल अशी एकच जागा त्या भागात होती. डेपोच्या प्रतीक्षागृहात शेवटच्या बाकावर मास्तर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा. बस यायची, माणसं चढायची, मास्तर तिच्या पाटीकडे बघायचे आणि बसून राहायचे.

काका जाऊन शेजारी टेकले. मास्तरांनी मान वळवली नाही.

"हसायला आलात?"

"बस पकडायला आलोय."

"कुठली?"

"तुम्ही धराल ती."

मास्तरांनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "पहिल्या वेळी खरंच खराब होती हो ती," ते म्हणाले. "यंत्र द्यायच्या आधीपासून. मी म्हटलं, निदान एवढं तरी नीट करून ठेवावं. तुम्ही एका बैठकीत नीट केलीत. खाली रस्त्यावर आलो आणि मला वाईट वाटलं. झालं, आता परत यायचं ते काय म्हणून?"

"नुसतं येता आलं असतं."

"नुसतं कोण कुणाकडे जातं, कवळीवाले? तुम्ही गेला होतात कधी?"

 एक बस लागली, भरली, निघून गेली.

"माझे कान तपासून घेतले मी तुमच्या पायी," काका म्हणाले.

"काय निघालं?"

"उत्तम आहेत."

"मग उपकारच केले की मी." मास्तरांच्या ओठाची एक कड हलली, पण हसू वर आलं नाही.

"तुमच्या सुनेला मी सांगून बसलोय, तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही. आता मला खोटं पाडू नका. चला."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि तो काकांच्याच कानाला लागला. इतका सोपा होता. मास्तर लगेच उठले नाहीत. आणखी एक बस जाऊ दिली. मग डबा उचलला आणि पुढे चालू लागले, काका मागून.

यानंतर सगळं पहिल्यासारखं झालं असं मात्र नाही. काही आठवडे मास्तर पाहुण्यासारखे वागले. "आपली हरकत नसेल तर," म्हणू लागले. वाद घालीनात, कोनावर बोलेनात. ते सौजन्य काकांना खरखरीपेक्षा जास्त टोचायचं. शेवटी त्यांनी एक सुई मुद्दाम वाकडी बसवली आणि मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी भिंगातून पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही शाळेतल्या मुलानं बसवलीय का?" तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला.

मधल्या काळात काका लेकीच्या गावीही जाऊन आले. दारात उभे राहिले, म्हणायचं ते म्हटलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी काकांच्या आवडीचं रांधलं, चार दिवस ठेवून घेतलं. पण परत येताना त्या बसपर्यंतच आल्या. "आता माझी मुळं इथे रुजली हो," म्हणाल्या. "तुम्ही येत जा." काकांनी मान डोलावली. प्रवासभर त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि कुणाला दोष देता येतो का ते शोधलं. जो सापडला, त्याचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घर अजूनही तसंच गप्प असतं. बुधवारी सकाळी तर फारच. पण मंगळवारी दुपारी जेवणानंतर मास्तर आरामखुर्चीत टेकतात आणि टेकताच झोपतात. काका खिडकीपाशी कामाला बसतात. परवा ते नळीच्या टोकावर हिरा चिकटवत होते. डिंकाचा थेंब टाचणीच्या अग्राहूनही लहान, श्वास रोखून धरावा लागतो. चिमटा जागेवर आला आणि नेमके मास्तर घोरले. टेबल हादरल्यासारखं वाटलं. हिरा उडाला तो गेलाच.

"मास्तर!" काका ओरडले.

"काय? काटकोनात नाही?" मास्तर डोळे न उघडताच म्हणाले.

"हिरा पडला. उठा, शोधू लागा."

आणि दोघं म्हातारे गुडघे धरत, कण्हत खाली बसले आणि विजेरीच्या उजेडात फरशी चाचपू लागले.