बांधावरचा फणस

वैशाखात तळ्याचं पाणी तळाला गेलं तसा गेनबानं बांध साफ करायला घेतला. घाणेरी उपटली, करवंदीची बुडखी खणली, रुजलेल्या कोया काढून फेकल्या. मातीच्या बांधावर झाड माजू द्यायचं नसतं. मूळ पोटात शिरलं की पाणी त्याच्या कडेनं वाट काढतं. बांध त्यानं आणि सगुणाबाईनं मिळून घातलेला, स्वतःच्या रानात, स्वतःच्या डोक्यावरनं माती वाहून. सरकारचा त्यात एक दगड नव्हता. वेल्ह्याच्या या डोंगरात पाऊस आभाळ फाटल्यागत पडतो आणि चैत्रात गुरांच्या तोंडाला थेंब राहत नाही. खालच्या वस्तीचीही गुरं याच तळ्यावर जगायची.

साफ करत करत गेनबा फणसापाशी आला आणि थांबला. "ह्यो फनसबी आता काढाय पायजे," तो म्हणाला.

"का वं, हात लुळा पडला का?" खालनं सगुणाबाई ओरडली. "घाला की घाव! बघते मी कसं घालता!"

"आये, आबांचं खरं हाय," सोमनाथ म्हणाला. लेक टेम्पो चालवायचा, आज घरी होता. "वरच्या फार्महाऊसवर जेसीबी आलाय. झाड मुळासकट उचकटू, भोकात चांगली माती दाबून भरू."

"झाड कशाला म्हनतोस? भनीला उचकटतो म्हन की सरळ!"

सोमनाथनं मान खाली घातली. गेनबा कुऱ्हाड घेऊन पुढच्या करवंदीकडं गेला.

फणस सुलक्षणाचा होता, सोमनाथच्या बहिणीचा. नुकती शाळेत जायला लागलेली पोर. आईनं आठळ्या भाजायला घेतल्या, तर एक मुठीत लपवून बांधावर पुरून आली. उगवलेलं बघायला काही ती राहिली नाही. त्याच पावसात खाचराच्या कडंला तिला घोणस चावली. जीप नसरापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत पोर आईच्या मांडीवर गार पडली. मागनं बांधावर दोन पानं वर आली, आणि दर साली बांध साफ करणाऱ्या गेनबाच्या हाताला तेवढी दोन पानं उपटता आली नाहीत. आता बुंधा कवेत मावत नव्हता.

आषाढात पाऊस असा लागला की समोरचा डोंगर दिसेना. गेनबा इरलं घेऊन रोज बांधाच्या पायथ्याला जाऊन यायचा. तिथं थोडा पाझर कायमचाच होता, पण पाणी कसं, पिण्याजोगं नितळ. त्या दिवशी सकाळी तो तांब्या भरून घेऊन आला आणि चुलीपाशी बसलेल्या सगुणाबाईपुढं ठेवला.

पाणी चहासारखं होतं.

"फनसाखालनं?"

"व्हय."

तिला सांगायची गरज नव्हती. नितळ पाझरतंय तोवर नुसतं पाणी जातं. गढूळ आलं की बांधाचं पोट वाहून चाललेलं असतं. ती उठली आणि भिजत तडक खालच्या वस्तीवर गेली. तिथं पहिलं घर धाकट्या जावेचं, फुलाबाईचं. तिच्याशी भांडल्याशिवाय सगुणाबाईचा दिवस सरत नसे.

"फुले, बाहीर नीघ!"

"आली का? आज काय सांडलं तुमचं सकाळच्या पारी?"

"तळं सांडतंय माझं तुझ्या डोक्यावर! गुरं सोड, सगळ्यांस्नी हाक मार आन् वर चल. भांडायचं ते तितं भांडू."

फुलाबाईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि गोठ्याकडं धाव घेतली.

सगुणाबाई वर आली तेव्हा गेनबा आणि सोमनाथ सांडव्यावर कुदळी घेऊन नुसते उभे होते. बांध फुटायच्या आत पाणी उतरवायचं, तर सांडवा खोल करून ते बाजूनं सोडायला हवं होतं. तिथं खाली मुरूम होता, बांधाला धोका नव्हता. पण सांडव्याचं पाणी उतरायचं ते घरच्याच खाचरात, आणि कालच भाताची लावणी उरकली होती.

"अगं, खाली भात हाय," गेनबा म्हणाला.

"लावलंय कुनी? माझीच कंबर मोडलीया." तिनं त्याच्या हातातली कुदळ ओढली. "घाल रे सोम्या!"

दुपारपर्यंत तिघं खणत होती. पाणी लाल होऊन खाचरात घुसलं, बांध्या फोडत गेलं, आणि काल लावलेलं हिरवं रान गोट्यांचं झालं. पण मोठा बांध उभा राहिला. खालच्या वस्तीतलं एक कौलसुद्धा हललं नाही.

उघडीप झाली तशी सगळी बांधावर जमली. तळ्यात नुसता गाळ. फणसाखाली माणूस बसेल एवढी कपार पडली होती, मुळं उघडी लोंबत होती.

"आये, आता पानीच न्हाई," सोमनाथ हळू म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे झाड."

"व्हय आक्का," फुलाबाईनं री ओढली. "तळ्याबिगर काय मरत न्हाई आपन."

"चैत्रात तुझ्या म्हशी काय माझं थोबाड बघून दूध देतील? बांध पुन्ना बुजवायचा हाय. तोडा."

कुणी हललं नाही.

"वैशाखातच तोडाय पायजे व्हता," ती म्हणाली. "माझ्या तोंडापुढं कुनाचं चाललं न्हाई. तोडा."

गेनबानं कुऱ्हाड घेतली. "तू घरात जा, सगुणे. तुला बघवायचं न्हाई."

"न्हाई जायाची." तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "तवाबी मला घरातच कोंडलं. ह्या फुलीनं धरून ठिवलं. बायामानसानं मसनात यायचं न्हाई म्हनं. तुमी बाप्ये घिऊन गेला, मसनातनं आल्यावर आंघुळी करून माझ्या म्होरं उभं ऱ्हायला. माझ्या पोरीचं काय झालं ते म्या बघितलंच न्हाई."

फुलाबाई तोंडात पदर कोंबून तिच्या शेजारी चिखलात बसली.

पहिल्याच घावाला पांढरा चीक ओघळला. गेनबा रडत होता आणि घाव घालत होता. सगुणाबाई बघत राहिली. फणस गाळात आडवा झाला, सोमनाथनं खणून खणून शेवटचं मूळ काढलं, तोवर ती जागची हलली नाही.

मग उठली, घराकडं वळली.

"फुले," ती म्हणाली, "म्होरं जाऊन चुलीवर पानी ठिव. मला न्हायाचं हाय."