वास्तुपुरुषासह घर विकणे आहे

हे लिहिणारच नव्हतो. एक तर यात घडतं काय, तर एक घर विकलं जातं. टेक्सासात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोमध्ये त्या वर्षी दर चौथ्या अंगणात विक्रीची पाटी होती, त्याचं कोण लिहीत बसतं. आणि दुसरं म्हणजे परीक्षितने स्वतः जे लिहायचं होतं, तेही जवळजवळ लिहिलंच नव्हतं. पण शेवटी त्याने लिहिलं. मग मला टाळाटाळ करायला काही कारण उरलं नाही.

तर २००७चा ऑगस्ट. परीक्षित नागपूरचा, वय बत्तीस, डॅलसमधल्या एका कंपनीत. कंपनीने त्याची सगळी टीम नॉर्थ कॅरोलायनाला, मॉरिसव्हिलला हलवली. एक ऑक्टोबरला तिकडे हजर व्हायचं. त्याची बायको शरयू सहा महिन्यांची गरोदर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सप्टेंबर संपेपर्यंत प्रवास करा, त्यानंतर नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. घर सप्टेंबरात विकलं गेलं तर दोघं बरोबर जाणार. नाही गेलं तर तो तिकडे कुणाच्या तरी खोलीत पाहुणा म्हणून राहणार, ती इथे घर सांभाळणार आणि बाळंतपण फोनवर होणार.

बदलीचं कळल्याबरोबर, मे महिन्यातच पाटी लागली होती. चार महिन्यांत घर बघायला अकरा जण आले. त्यातले दोघं बाथरूम वापरायला आले होते.

हेमचंद्रकाका त्यांचे रिअल्टर. चौऱ्याहत्तर साली इंजिनियर म्हणून टेक्सासला आलेले, रिटायर झाल्यावर घरं विकायला लागले. त्यांचं म्हणणं, बघ, घरात कुणी राहतंय असं वाटता कामा नये. मग दारावरचं तोरण उतरलं. फोटो उतरले. फोडणी बंद झाली. शरयूला नेमके लसणाच्या फोडणीचे डोहाळे लागले होते, त्यामुळे ती वरण खायला परीक्षितच्या मित्राकडे, वेदच्या अपार्टमेंटवर जायची. पँट्रीत मांडलेले देवही वेदकडेच गेले, मायक्रोवेव्हच्या वरच्या फळीवर. वेदने त्यांच्यासाठी अंडी सोडली. पहिल्या आठवड्यात त्याने हे चार वेळा सांगितलं.

एकच जण घरात उरला, तो म्हणजे वास्तुपुरुष.

२००४ साली घर घेतलं तेव्हा वास्तुशांत केली होती. वास्तुपुरुषाची सोन्याची छोटी प्रतिमा तांब्याच्या डबीत पालथी ठेवून आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. गुरुजी म्हणाले, इथे सगळे बाहेर बागेत पुरतात, नाहीतर कुंडीत, चालतं. परीक्षितची आई नागपूरहून फोनवर म्हणाली, घराचा पुरुष घराबाहेर कसा ठेवता रे? मग होकायंत्र आणलं. आग्नेय कोपरा गेस्ट रूमच्या कपाटात निघाला. वेदने मोठं ड्रिल भाड्याने आणलं, कपाटातलं कार्पेट उचकटलं आणि खाली जमिनीच्या सिमेंटच्या स्लॅबला डबी मावेल असं चौकोनी भोक पाडलं. परीक्षितने व्हॅक्यूमची नळी धरली. डबी आत ठेवली, वर सिमेंट भरलं, कार्पेट चिकटवलं. मग सगळ्यांनी श्रीखंड खाल्लं.

आता वास्तुपुरुषाचं एक असतं. घरात जे बोलाल त्याला तो तथास्तु म्हणतो. शरयूच्या मते घर न विकण्याचं कारण बाजारभाव वगैरे काही नव्हतं. कारण परीक्षित होता. तो मे महिन्यापासून सोफ्यावर बसून रोज म्हणायचा, हे घर काही जात नाही.

"तू म्हणतोस जात नाही, तो म्हणतो बरं," ती म्हणाली. "तुला कुरकुर करायचीय ना, बाहेर जाऊन कर."

तेव्हापासून परीक्षित कुरकुर करायला टपालपेटीपाशी जायचा. समोरच्या घरातले आजोबा त्याला हात करायचे. तोही बोलता बोलता हात करायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चमत्कार झाला. एक निवृत्त नर्स घर बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. साठीच्या पुढची, एकटी, गुडघ्यांनी बेजार, तिला एकमजलीच घर हवं होतं. तिने ऑफर दिली. काका म्हणाले, तिचा तपासणीवाला शनिवारी येईल, तोवर गराज रिकामं करा.

शुक्रवारी परीक्षित आणि वेदने गराजमधले सगळे खोके हलवले. तीन वर्षं एकाच जागी असलेल्या टीव्हीच्या खोक्याखाली जमिनीत उमटवलेला एक शिक्का निघाला. ताटाएवढा. वेदने तो मोठ्याने वाचला. या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा आहेत, कापू नका, भोक पाडू नका.

परीक्षितने शिक्क्यावरचा पाय मागे घेतला. मग वेद म्हणाला, की फॉन्ट तसा मोठा आहे.

काकांना बोलावलं आणि आईच्या फोनपासून सगळं सांगितलं. काकांनी शिक्का बघितला, कपाट बघितलं, आणि किती इंच, किती खोल, एवढंच विचारलं. मग त्यांनी समजावलं, की इथली माती फुगते आणि आक्रसते, म्हणून स्लॅबमध्ये पोलादी तारा ताणून बसवतात. तार तुटली तर ती जमिनीतून बाहेर येते आणि समोर जो असेल त्याच्या आरपार जाते.

समोर वेद होता. तो खाली बसला.

"तुझ्या आई टेक्सासला कधी आल्यात?" काकांनी विचारलं.

"अजून नाही, काका."

"हं."

प्रश्न फॉर्मचा होता. घरात काय दोष आहे, काय तोडफोड केली आहे, हे विकणाऱ्याने लिहून द्यायचं असतं. मे महिन्यात परीक्षितने सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं. तेव्हा भोक हा वास्तुशांतीचा भाग होता. आता ती स्लॅबची तोडफोड झाली होती. काका म्हणाले, बघ, मला कळलंय, तुला कळलंय, फॉर्म बदलावा लागेल. बाई पळून जाईल कदाचित. ते तुझं तू ठरव, पण मी जुना फॉर्म तिच्या हातात देणार नाही. असं म्हणून ते कोरा फॉर्म ठेवून गेले.

फॉर्म ओट्यावर पडून राहिला. परीक्षितने तीन वेळा पेन उचललं. सप्टेंबर, मग ऑक्टोबर, शरयू इथे एकटी, हे सगळं त्याला फॉर्मवरच्या रिकाम्या चौकोनात दिसत होतं. वेद म्हणाला, यार, तू लिही 'काही दोष नाही'. खालचा तथास्तु म्हणेल, विषय संपला.

"तो बोललेलं ऐकतो," शरयू म्हणाली. "लिहिलेलं वाचत नाही. आणि इंग्लिश तर नाहीच."

मग ती खुर्चीत बसली, पोटावर हात ठेवून. म्हणाली, "लिही खरं. त्या बाईच्या घरात उद्या भेग पडली तर मला तिकडे झोप लागणार नाहीये. एकटी राहायला लागलं तर राहीन मी."

हे शेवटचं वाक्य ती घरात बोलली होती. तिच्याही ते लक्षात आलं. ती उठून टपालपेटीपर्यंत गेली, तिथे पुन्हा तेच म्हणाली आणि आत येऊन म्हणाली, "आतलं कॅन्सल."

परीक्षितने लिहायला घेतलं. वेद म्हणाला, माझं नाव टाकू नको यार, माझी ग्रीन कार्डची फाइल चालू आहे. परीक्षितने लिहिलं, की मालकाने आणि एका मित्राने गेस्ट रूमच्या कपाटात जमिनीला चार इंचाचं भोक पाडलं आहे, कारण धार्मिक, आत एक मूर्ती आहे, ती काढता येणार नाही. काकांनी वाचलं आणि म्हणाले, मी या धंद्यात दहा वर्षं आहे. मग त्यांनी फॉर्म पाकिटात घातला.

नर्स पळाली नाही. पण तिने शनिवारचा तपासणीवाला रद्द केला आणि बुधवारी स्लॅब तपासणारा इंजिनियर घेऊन आली. त्याने कपाटातलं कार्पेट काढून यंत्र फिरवलं, खडूने रेघ मारली. तार भोकापासून दीड इंचावरून जात होती. स्लॅबला काही झालेलं नव्हतं. त्याने वर बघून विचारलं, ड्रिल कुणी चालवलं?

परीक्षितने खडूची रेघ बघितली. काकांनी घड्याळ बघितलं. मग वेदने हात वर केला. इंजिनियरने त्या हाताची बोटं मोजल्यासारखी बघितली आणि कागदावर खूण केली.

नर्सने परीक्षितला विचारलं, आत आहे कोण? त्याने जमेल तसं सांगितलं. एक माणूस आहे, पालथा झोपलेला, घर त्याच्या पाठीवर आहे.

"त्याला काही लागतं का?" तिने विचारलं.

परीक्षितला विचार करावा लागला. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, काही नाही, फक्त घरात वाईट बोलायचं नाही, कारण तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो.

"चांगलं बोललेलं चालतं?"

"चालतं."

बाई दाराला धरून हळूहळू वाकली, कपाटात डोकं घातलं आणि जमिनीला उद्देशून म्हणाली, माझे गुडघे आता उत्तम आहेत. मग जरा थांबून म्हणाली, आणि हे घर मी घेतलंय. काकांनी लगेच पेन काढलं.

सत्तावीस सप्टेंबरला सह्या झाल्या. एकोणतीसला विमान होतं. बाईंनी शनिवारपर्यंत राहा म्हणून सांगितलं होतं. शनिवारी सकाळी वेद देव घेऊन आला, टॉवेलमध्ये गुंडाळून. ते शरयूच्या पर्समध्ये गेले. वेद म्हणाला, फळी मोकळी मोकळी वाटतेय, अजून अंडी आणली नाहीयेत. कुणी विचारलं नव्हतं.

गराज पूर्ण रिकामं होतं. शिक्का आता रस्त्यावरूनही दिसत होता. वेद त्यावर उभा राहून म्हणाला, की फाइल सुटली की तोही घर घेणार, पण तेव्हा परीक्षित नसेल. परीक्षित काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात शरयूने गाडीतून हाक मारली.

"तिथे नको बोलू. आत जाऊन बोल, त्याच्यासमोर. चावी ओट्यावर ठेवायचीच आहे."

म्हणून दोघं पुन्हा आत गेले, गेस्ट रूमच्या कपाटात. तपासणीनंतर टाकलेल्या नवीन कार्पेटवर बूट नकोत म्हणून मोज्यांवर उभे राहिले. जागा एका माणसाची होती. परीक्षितने वेदच्या खांद्यावर हात ठेवला, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती, आणि खाली बघत स्पष्ट शब्दांत म्हणाला, "वेदचं घर होईल. मी मॉरिसव्हिलहून येईन. ड्रिल मी धरीन. पण आधी गराजची जमीन वाचीन."