गोधड्यांच्या आडोशाला जन्मलेली होडी

मित्रांनो, मी एक होडी आहे. अंगाने ॲल्युमिनियमची, वयाने चार वर्षांची. तशी मी फार जुनी नाही, पण पोटावर एक ठिगळ मिरवते. माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. शेवगाव तालुक्यात जायकवाडीच्या फुगवट्याचं पाणी जिथे शेतांना येऊन टेकतं, तिथल्या एका वस्तीवर, म्हशीच्या गोठ्याला लागून असलेल्या अंगणात मी तयार झाले. ते अंगण गोरक्षनाथचं.

गोरक्षनाथ बारा वर्षं नगरच्या एमआयडीसीत ॲल्युमिनियमच्या टाक्या वेल्डिंग करायचा. वडील गेल्यावर तो वस्तीवर परतला. त्याचे वडील, कारभारी, पाण्यातली मोटर बघायला थर्माकोलच्या तराफ्यावर बसून गेले होते. वारा सुटला, तराफा मोडला आणि ते परत आले नाहीत. तेव्हापासून गोरक्षनाथची आई रंगुआजी ओट्यावर बसली तरी पाण्याकडे पाठ करून बसायची.

पण वस्तीला पाणी टाळता येत नव्हतं. धरण भरलं की पलीकडच्या गावाची वाट बुडायची आणि शाळा होती पलीकडे. ओट्यावरून शाळेचा झेंडा दिसे, पण तिथे पोचायला चौदा किलोमीटरचा वळसा. गोरक्षनाथची मुलगी आरती त्या वर्षी सातवीत होती. आदल्या वर्षी तिची तीन महिने शाळा बुडाली होती. आता होडी झाली तर ठीक, नाहीतर आरतीला शेवगावला मावशीकडे ठेवायचं, असं घरात ठरलं. आरतीला मावशीकडे जायचं नव्हतं. रंगुआजीला ती डोळ्यांसमोरून हलायला नको होती आणि पाण्यावरही जायला नको होती. असा तो पेच होता, आणि तो सोडवायला मी जन्माला येत होते.

आधी पुठ्ठ्याची हातभर होडी झाली. ती हौदात सोडली तर एका अंगावर कलली, म्हणून गोरक्षनाथने माझा तळ वीतभर रुंद केला. त्या पुठ्ठ्याच्या ताईचे माझ्यावर उपकार आहेत. मग नगरहून टेम्पोने तीन मिलिमीटरचे पत्रे आले. आरतीची आई मनकर्णा पत्रा धरायची आणि गोरक्षनाथ कापायचा.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग मोठं नाजूक असतं. जोडाच्या वेळी त्यावर आर्गन गॅसचं पांघरूण लागतं. वाऱ्याने ते उडालं की टाका काळा पडतो आणि कच्चा राहतो. आमच्या वस्तीवर वारा दिवसभर हुंदडत असतो. गोरक्षनाथने दोन दिवस टाके घातले आणि दोन दिवस तेच घासून काढले. तो डोकं धरून बसला. तेव्हा, होडीचं नाव काढल्यापासून त्याच्याशी धड न बोललेली रंगुआजी घरातून चार गोधड्या घेऊन आली. खाटा उभ्या करून त्यांवर तिने त्या पसरल्या आणि ठिणगी पडली तर बघ, एवढंच बजावून आत गेली. त्या गोधड्यांच्या आडोशाला माझा एकेक सांधा चांदीसारखा जुळून आला. गोधडीला मी आजही आजोळ मानते.

टाके गळतात का हे बघायला गोरक्षनाथने माझ्या पोटात पाणी भरलं आणि बाहेरून कुठे थेंब येतो ते खडूने टिपलं. तेवढ्यात म्हैस आली आणि निवांत पाणी प्यायली. शेजारच्या भागवतने ते पाहिलं आणि मला गव्हाण म्हणायला सुरुवात केली. "गोरक्ष, गव्हाण झ्याक झालीय," असं तो येता-जाता म्हणे. मला राग यायचा. पण पुढे त्याचीच दोन पोरं माझ्यात बसून शाळेत गेली, म्हणून मी ते सोडून दिलं.

मग माझ्यावर साज चढला. बसायच्या फळ्यांखाली पेट्या करून त्यात थर्माकोल ठासला, म्हणजे पाणी शिरलं तरी मी बुडणार नाही. थर्माकोल दिसताच रंगुआजी उठून आत गेली. तळावर लाकडी पट्ट्यांची जमीन बसवली. स्टीलच्या प्रत्येक बोल्टखाली गोरक्षनाथने रबराची चकती घातली. दोन वल्ही आली, लाल लाईफ जॅकेटं आली.

पाण्यात उतरायच्या सकाळी, कुणी उठायच्या आत, रंगुआजी माझ्यापाशी आली. तिच्या हातात तांब्याचा एक जुना ढब्बू पैसा होता. कारभारी तो नेहमी खिशात बाळगायचे. ते गेले त्या दिवशी मात्र तो खुंटीवरच्या सदऱ्यात राहिला होता. "माझ्या लेकराला संबाळ," असं पुटपुटून तिने तो पट्ट्यांच्या फटीतून माझ्या तळाशी सोडला. नंतर सगळ्यांनी मला हळदीकुंकू लावलं, नारळ फुटला. रंगुआजी पाण्यापर्यंत आली नाही.

मित्रांनो, दोन वर्षं मी सुखात काढली. रोज सकाळी वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज, मुलांच्या कविता, डब्यातल्या लोणच्याचा वास. जॅकेट घातल्याशिवाय गोरक्षनाथ कुणाला बसू देत नसे. आरती सातवीची आठवीत आणि आठवीची नववीत गेली, एकही दिवस शाळा न बुडवता. सगळे मला वरून धूत आणि पुसत. पट्ट्या उचलून खाली मात्र कुणी बघितलं नाही. तिथे चिखल साचत होता, ओल राहत होती आणि तो पैसा माझ्या अंगाला चिकटून होता. तिथे मला बारीक दुखायचं. पण मला कुठे बोलता येतं?

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, भर पाण्यात असताना आरतीचे मोजे ओले झाले. बघता बघता पाणी पट्ट्यांवर आलं. आरती डब्याने पाणी उपसत राहिली, गोरक्षनाथ जीव तोडून वल्ही मारत राहिला. आम्ही काठाला लागलो आणि कुणाला काही झालं नाही. पण बातमी घरी पोचली. रंगुआजी रागावली नाही, रडलीही नाही. तिने आरतीचे कपडे पिशवीत भरले. "आता पोरगी पाण्यावर जायाची न्हाई," एवढंच ती म्हणाली. रविवारी आरतीला मावशीकडे सोडायचं ठरलं.

गोरक्षनाथने मला पालथं घातलं आणि तीन दिवस माझा टाका न् टाका तपासला. सगळे पक्के होते. अख्ख्या पत्र्याला भोक पडेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याच हाताने केलेलं काम आपल्या मुलीला दगा देतं, हे त्याला खाऊ देत नव्हतं आणि पिऊ देत नव्हतं. शनिवारी त्याने मला सुलटं केलं आणि पहिल्यांदा खालच्या पट्ट्या खोलल्या. चिखलात पांढरी भुकटी होती. भुकटीखाली पैसा. पैशाखाली माझ्या तळाला टाचणीएवढी पाच भोकं.

पैसा सगळ्यांनीच ओळखला. रंगुआजीच पुढे झाली.

"म्या ठिवला हुता," ती म्हणाली. "पोरीला जपाया ठिवला, आन् त्यानंच घात केला."

"पैशाचा दोष न्हाई, आई," गोरक्षनाथ म्हणाला. "तांबं ओलीत ॲल्युमिनियमला टेकलं की ॲल्युमिनियम झिजतं. मला एमआयडीसीत असल्यापासून ठावं हाय, म्हणून तर बोल्टाखाली रबर घातलं. मी घरात कुणाला सांगितलं न्हाई, आन् दोन वर्षांत एकदाबी पट्ट्या उचलल्या न्हाईत. चूक माझी हाय."

आरतीने तो पैसा राखेने घासून लख्ख केला आणि आजीच्या हातात दिला. "ह्यो तुझ्या कमरंच्या पिशवीत ठिव," ती म्हणाली, "आन् तू बी संगं चल. मंग पैसाबी येईल."

रंगुआजीने पैसा कमरेच्या पिशवीत ठेवला. मग ती घरातून गोधड्या घेऊन आली. या वेळी ती आत गेली नाही. माझ्या जन्मावेळच्या उरलेल्या पत्र्याचं ठिगळ बसेपर्यंत ती गोधडीचं टोक धरून उभी राहिली. पुन्हा माझ्या पोटात पाणी भरलं. थेंबही गळला नाही. आरतीच्या कपड्यांची भरलेली पिशवी रिकामी झाली.

सोमवारी रंगुआजी लुगड्यावर लाल जॅकेट चढवून माझ्यात बसली. एक हात कमरेच्या पिशवीवर, दुसरा माझ्या काठावर घट्ट. कारभारींची मोटर होती तिथे गोरक्षनाथने वल्ही थांबवली. तिने पाण्यात बोटं बुडवली, हात जोडले आणि पुढे चल म्हणून खूण केली. त्या वेळी मी जराही डुलले नाही. माझ्याकडून तिला देण्यासारखं तेवढंच होतं.

मित्रांनो, मला सगळ्यांनी जीव लावला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. तुम्हीही आपल्या वस्तूंना जीव लावा. पण वरून पुसून थांबू नका, अधूनमधून खालची फळी उचलून बघा. आमच्या घरी आता दर अमावास्येला माझ्या पट्ट्या उघडतात आणि पहिला हात रंगुआजीचा असतो.

त्या सोमवारी पलीकडे पोचल्यावर आरती उडी मारून उतरली आणि शाळेकडे पळाली. रंगुआजीने तिला मागून हाक मारली.

"सुटल्यावर हितंच उभी ऱ्हा," ती म्हणाली. "मी येती न्यायाला."