कानाला लावलेला हात

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या त्या बातिक कारखान्यात बायका दहा-बाराच. पण गप्पा साऱ्या गावाच्या. वेनिंगला त्या गप्पांची धास्ती वाटे. कुणी सहज "कुठं निघालीस?" विचारलं, तरी ती कुठं, कशाला, कोणत्या वाटेनं, सगळं सांगत बसे. समोरची कंटाळलीय हे तिला उमगत नसे. आपल्याला ऑटिझम आहे हे तिनं फक्त एंडाला सांगितलं होतं.

एंडा तिच्या शेजारी बसून कापडावर मेणाची नक्षी काढी. दोघींनी एक खूण ठरवली. वेनिंगचं बोलणं लांबलं की एंडानं कानाला हात लावायचा, वेनिंगनं थांबायचं. त्या आधारावर वेनिंग जेवणाच्या सुट्टीत बायकांत बसू लागली.

एकदा ती सांगत होती, की आईला आता लेकीचं नावही आठवत नाही. समोर बसलेल्या याती नावाच्या बाईनं कानाला हात लावला. मग दुसरीनं. मग सगळ्याच कान धरून हसायला लागल्या. वेनिंगनं एंडाकडे पाहिलं. तीही हसत होती.

दुसऱ्या दिवसापासून वेनिंग मागे रंगाच्या टाक्यांपाशी एकटीच जेवू लागली.

"गंमत म्हणून आमची खूण सगळ्यांना सांगितली हो काकू, तिनं एवढं मनाला लावून घेतलं," एंडा सुमिराहकाकूंना म्हणाली. काकू तिथल्या सर्वांत जुन्या.

"तिनं आपली अडचण विश्वासानं तुझ्या ओटीत टाकली, तू ती खाऊसारखी वाटलीस. मीही हसले, मलाही लाज वाटते. तोंडावर 'पुरे' म्हणायचा आपल्यालाच संकोच, म्हणून आपण जांभया देतो, इकडंतिकडं बघतो. ते तिला कळलं नाही तर तिचा दोष, आणि आपण सरळ बोलत नाही ते शहाणपण होय गं?"

एंडा खाली मान घालून टाक्यांपाशी गेली. चुकले म्हणाली. माफ केलंस का, असंही विचारलं.

"अजून नाही," वेनिंग म्हणाली. "बाकीच्यांचं हसणं मला कधीच कळत नव्हतं. तुझं कळतं असं वाटायचं."

एंडाला रडू आवरेना. तिनं साऱ्यांसमोर आपली चूक कबूल केली. काही दिवसांनी वेनिंग परत बायकांत आली. पण बसली काकूंजवळ. आता खुणा नकोत, पुरे झालं की पुरे म्हणा, एवढंच तिनं सांगितलं. पहिल्यांदा यातीच चाचरत "पुरे गं" म्हणाली. वेनिंग थांबली. कुणाचं काही बिघडलं नाही.

सरळ बोलायला आपलं काय जातं? मात्र कुणी विश्वासानं हाती दिलेली गोष्ट आपण हसण्यावारी नेली, तर माफी मिळेलही. शेजारची जागा मिळेलच असं नाही.