पाहणाऱ्यांच्या यादीत

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी त्याने धाकट्या बहिणीची स्टोरी स्वतःच्या नावाने पाहिली. जेमतेम चार सेकंद. तेवढ्यात पाहणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव चढलं.

लोकांनी टाकलेले फोटो आणि व्हिडिओ तपासणं हे वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याचं काम. फोटो कुठला, कधीचा, खरा की खोटा, हे तो सावल्या, दुकानांच्या पाट्या आणि विजेच्या खांबांवरून सांगे. सगळे त्याला दुर्बीण म्हणत. नव्याने आलेल्यांना तो पहिल्याच दिवशी बजावी, "बघायचं, हात लावायचा नाही. आणि बघण्याआधी वर नाव कुणाचं आहे ते वाचायचं." कामाचं खातं वेगळं होतं. नाव बनावट, चेहऱ्याच्या जागी कुंडीतलं रोप. त्याच खात्यातून गेली सहा वर्षं तो बहिणीलाही पाहत आला होता. आज सकाळी अपडेट झालेल्या फोनने त्याचं खरं खातं उघडलं आणि वरचं नाव वाचायचं तोच विसरला.

आई गेली त्या आठवड्यात तो एका पुराच्या व्हिडिओच्या मागे होता. उद्या निघतो, उद्या निघतो करत तीन दिवस गेले. पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. "अख्ख्या जगाचे पत्ते शोधतोस, आईच्या खाटेचा तेवढा सापडला नाही तुला," बहीण म्हणाली. "पुन्हा माझ्या वाटेला जाऊ नकोस." तो गेला नाही. तिचं खातं मात्र कुणालाही दिसेल असं उघडं होतं. भाचीचे दुधाचे दात कधी पडले ते त्याला माहीत होतं. तिचा आवाज कसा आहे ते माहीत नव्हतं. गॅलरीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरून त्याने घर कुठलं तेही काढलं होतं.

आजच्या स्टोरीत रिकामी खोली होती, दोरीने बांधलेली खोकी होती, आणि खाली दोन शब्द : 'निघालो आम्ही.' कुठे, ते नव्हतं. तिने यादी पाहिली आणि खातं बंद केलं, तर माग इथेच संपणार होता.

"काय हो दुर्बीण, पूल पडला की पाडला?" शेजारच्या टेबलावरून फोटो विभागातल्या बाईंनी विचारलं.

"चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आहे. नदीही दुसरीच."

"मग तोंड का एवढंसं? पूल तुमच्याच डोक्यावर पडल्यासारखं?"

त्याने सांगितलं. बाई खुर्ची वळवून बघत राहिल्या. "नऊ वर्षं शेजारी बसतेय मी. तुम्हाला बहीण आहे?"

"आहे."

"बरं. खातं तात्पुरतं बंद करा, नाव यादीतून जातं. तिने पाहिलं नसेल तर वाचलात."

"आणि पाहिलं असेल तर?"

"तर तुम्ही पळालात हेही कळेल तिला." बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "सरळ लिहा ना तिला काहीतरी."

"काय लिहू? सहा वर्षं भिंतीला कान लावून बसलोय म्हणून?"

"कान कुठला, डोळा," बाई म्हणाल्या आणि हसल्या नाहीत.

पुलाची बातमी खोटी असल्याचं टिपण त्याने पुढे पाठवलं. जेवायची सुट्टी झाली, टेबलं रिकामी झाली, पुन्हा भरली. खातं बंद करायच्या बटणावर त्याचं बोट दोनदा जाऊन आलं. दर तासाला यादीतलं नाव थोडं शिळं होत होतं, पण होतं तिथेच होतं. शेवटी त्याने लिहिलं, 'चुकून पाहिलं.' खोडलं. मग लिहिलं, 'मी पाहिलं. नेहमीच पाहतो. कुठे निघालात?' तीन चाळीसला पाठवून दिलं. पाठवण्याआधी वरचं नाव वाचलं.

पाच वाजून बारा मिनिटांनी बहिणीने नवा फोटो टाकला. बंद खोक्यावर चहाचे दोन कप, मागे पांढरी भिंत. खिडकी नाही, सावली नाही, पाटी नाही. हे जुनं घर की नवं, ते त्याला सांगता येईना.

निरोप अजून उघडलेला नव्हता. तिचं खातंही बंद झालेलं नव्हतं.